हुक मोकळा

सेक्टर ६, भिलाई
५ जानेवारी २०२५

आत्या,

पहिले जयभीम, मग भांडण. फोनवर तुले ऐकू येत नाही अन् मेसेज वाचाले तू अर्धा दिवस चष्मा शोधते, म्हणून हे पत्र. माझी शाळा हिंदी होती हे लक्षात ठेव अन् लाल पेन काढू नको. मास्तरीण आता रिटायर झाली.

मुद्दा असा की बाबाले तूच समजावू शकते. बाकी कोणाचं ते ऐकून घेतात, पण करतात आपल्याच मनाचं. मागच्या वर्षी मी गोपालपूरले महिनाभर सर्फिंग शिकाले गेली होती ना, फळीवर उभं राहून लाटेसोबत किनाऱ्यापर्यंत यायचं ते, तिथल्या अनुजा मॅडमनं मले बोलावलं आहे. शिकायले नाही, शिकवाले. राहणं-खाणं तिथंच. पहिले टेस्ट द्या लागते. एका माणसाले खोल पाण्यातून ओढून काठावर आणायचं, अन् मग मागून मोठी लाट पकडून तिच्यावर उभं राहून यायचं. ओढून आणायचं टेन्शन नाही, सेक्टरच्या स्विमिंग पूलमध्ये मी सातवीपासून पडलेली आहे. सारा खेळ लाटेचा आहे.

बाबा म्हणतात, प्लांटची अप्रेंटिस निघून राहिली, तू इलेक्ट्रिशियनची आयटीआय केली, अर्ज टाक. बळीराम आजोबानं इथं प्लांट बांधाले माती वाहली, मी क्रेन चालवली, तू पॅनलवर बसशीन. असं म्हणताना त्याईचा आवाज एकदम नरम होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. आई चूप आहे, म्हणजे माझ्याकडून आहे.

मंग मीच डील टाकली. म्हटलं बाबा, ऑगस्टमध्ये तुमचं रिटायरमेंट, सुट्ट्या पडून सडून राहिल्या, आपण चौघं आजपर्यंत कुठं गेलोच नाही. चला समुद्राकाठानं. जगदलपूरवरून भीमिली, तिथून काठाकाठानं गोपालपूर. तंबूत राहू, राजदीप गाडी चालवीन. शेवटी माझी टेस्ट तुमच्या डोळ्यासमोर. उभी राहिली तर मले जाऊ द्या. पडली तर गुपचाप अर्ज टाकीन.

"पाहू" म्हणाले. बाबाचं "पाहू" तुले माहीत आहे.

आत्या, लहानपणी आमचा अभ्यास झाला की बाबा दोन्ही तळहात उघडे करून दाखवत. प्लांटमध्ये लोड खाली टेकला की खालचा सिग्नलमन क्रेनवाल्याले तसं दाखवते, हुक मोकळा, जा. तेवढं दिसलं की मी अन् राजदीप ग्राउंडवर पळत सुटत होतो. तोंडानं "जा" त्याईनं कधी म्हटलंच नाही. मले तोंडचं नकोच आहे. तेच पाहिजे.

तुझी,
साक्षी


नागपूर
१२ जानेवारी

चि. साक्षीस,

तुझे पत्र मिळाले. मी चिडले आहे, हे तुला माझ्या भाषेवरून कळलेच असेल. चौतीस वर्षे मी वर्गात असेच बोलले आणि पोरे बाकावर सरळ बसली.

प्रथम एक विचारते. त्या गोपालपुरात कोणी मुलगा आहे काय? असेल तर तसे लिही. फळीचे निमित्त कशाला? जातपात, पगारपाणी मी पाहणार नाही. माणूस कसा आहे तेवढे पाहीन. परंतु समुद्राच्या आडून मला बनवू नकोस.

दुसरे. धम्मपालला मी तुझ्या बाजूने काहीही लिहिणार नाही. आमच्या बाबानं, म्हणजे तुझ्या बळीराम आजोबानं, भंडाऱ्याकडचं गाव सोडलं ते उगीच नाही सोडलं. प्लांटच्या गेटमध्ये सगळ्यांसोबत एकाच रांगेत उभं राहून पास दाखवाले भेटला, त्या दिवशी तो माणूस घरी येऊन रडला होता. मी पाहलं आहे. तुझ्या बापाले ते सुटत नाही, तर त्यात त्याचं काय चुकलं?

घे, राग गेला माझा, मराठी घसरली.

धम्मपालले मी एवढंच लिहिलं की जा बाप्पा, पोरांसंग समुद्र पाहून ये, तुले त्या क्रेनच्या केबिनशिवाय दुसरं काही दिसलंच नाही जन्मात. पुढचं तुझं तू पाह्य. अन् एक गोष्ट कान देऊन ऐक. पडलीस तर पडली म्हणून लिहिशीन, उभी राहिलीस तर उभी राहिली म्हणून. कोणाले वाईट वाटंन म्हणून झाकपाक केलेलं पत्र मले नको.

भागीरथा आत्या


कलिंगपट्टणम, समुद्राकाठी
४ फेब्रुवारी

आत्या,

पोट्टा-बिट्टा कोणी नाही. असता तर मी पहिले तुलेच सांगतलं असतं, आईले नाही. आता खूश?

आम्ही निघालो! बाबानं गाडीत सगळ्यात आधी काय ठेवलं असंन? हेल्मेट. प्लांटचं पिवळं हेल्मेट. आई म्हणे, समुद्रावर काय पडणार आहे डोक्यावर, नारळ? बाबा म्हणे, हाव, नारळच. अन् भीमिलीले आम्ही तंबू ठोकला तो खरंच नारळाखाली, मंग बाबाच जिंकले. भीमिली नावावर तर ते इतके खूश झाले की पाटीसमोर उभं राहून फोटो काढला, हात जोडून.

तंबूचं तुले काय सांगू. प्रत्येक दोरीले राजदीपले लटकवून पाहतात, लोड घेते की नाही. रोज सकाळी आमाले तिघाले रांगेत उभं करून प्लांटसारखं सेफ्टीचं भाषण. स्टोव्हच्या चारी बाजूनं दगड, त्याच्या आत फक्त आई जाईन. आई म्हणे, घरी बी हेच होतं, फक्त दगड नव्हते. खिचडीत रेती, अंथरुणात रेती, माझ्या कानात रेती. तरी आई रोज संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसते अन् उठतच नाही. मी तिले कधी असं रिकामं बसलेलं पाहलं नव्हतं.

एक गंमत. केशकाल घाटात समोरून ट्रक आला. बाबा बाजूच्या सीटवर. त्याईनं गाडीतच दोन्ही हात आडवे पसरले, एक राजदीपच्या नाकासमोर, एक काचेबाहेर. तो "एकदम थांब"चा सिग्नल आहे. बाकीचे सिग्नल फक्त सिग्नलमननं द्यायचे, पण हा कोणीही देऊ शकते, साहेब असो की झाडूवाला, अन् कोणीही दिला तरी क्रेनवाल्यानं थांबायचंच. विचारायचं बी नाही. आमच्या घरात बी हाच कायदा. राजदीपनं असा ब्रेक मारला की आईचा लोणच्याचा डबा माझ्या मांडीवर. ट्रक तर कुठच्या कुठं दूर होता. राजदीप म्हणे, मैंने सोचा ही नहीं, पैर अपने आप गया.

टेस्ट नऊ तारखेले आहे. मी रोज सकाळी पाण्यात जाते. बाबा काठावर हेल्मेट घालून उभे राहतात. मासे पकडणारे लोक त्याईले सरकारी माणूस समजून सलाम करून राहिले.

गोपालपूरच्या सर्फिंग शाळेचा पत्ता मागं लिहिला. तिथं स्पीड पोस्टनं उत्तर टाक.

साक्षी


गोपालपूर
९ फेब्रुवारी

आत्या,

पडली.

माणूस ओढून आणला, त्यात पहिली आली. मंग लाट पकडली, गुडघ्यावरून उठली बी, अन् पाय घसरला. चूक माझी. मॅडम म्हणे तेवीस तारखेले दुसरी बॅच आहे, तेव्हा परत दे. पण बाबासोबत डील एकदाचीच होती. डील म्हणजे डील. मी अर्ज टाकीन.

 बाबानं टॉवेल दिला. संध्याकाळी तंबू सोडाले गेले तर आई खुंट्यावर पाय देऊन उभी. म्हणे, मले अजून समुद्र पाहायचा आहे, ज्याले जायचं त्यानं जावं. बाबानं दोनदा खुंटा हलवला. आई हललीच नाही. आता बाबानं फोन करून सुट्टी वाढवली आहे, अन् तंबूच्या दोऱ्या पुन्हा ताणल्या.

मी सकाळी पाण्यात जाऊनच राहिली. अर्ज टाकायचा तर टाकीन, पण लाटेवरून पडून घरी जाईन हे मले जमणार नाही. बाबा पाहोत की नको पाहोत, मी उभी राहीन. बस.

साक्षी


गोपालपूर
१० फेब्रुवारी

ताई,

तुले जयभीम. मले पत्र लिहिता येत नाही हे तुले माहीत आहे, शिफ्टचं रजिस्टर सोडून मी काही लिहिलं नाही. पण इथं बोलू कोणाशी? वंदना माझ्याशी बोलून नाही राहिली.

साक्षीचं झालं नाही. मले वाटलं होतं पडली तर मी सुटीन. म्हणजे कटकट मिटंन. पण पोरगी फळी काखेत घेऊन बाहेर आली, केसातून पाणी गळून राहिलं, अन् माझ्याकडे पाहून हसली. ताई, ते हसू मले काही समजलं नाही. रात्री जेवण गेलं नाही.

तशी पोरगी भल्ली पोहते. इतकी, मले माहीतच नव्हतं. एका जाड्या माणसाले ओढत आणलं, आपल्या प्लांटचे वजन उचलणारे दोन खलाशी लागले असते. पण लाट चढली तेव्हा तिच्या मागं आणखी एक मोठी उठली, काळी, भिंतच. मले वाटलं ही गेली. मी काठावरून दोन्ही हात आडवे केले. ते काही विचार करून केलं नाही. एवढ्या दुरून, पाण्याच्या आवाजात तिले कुठं दिसते? पाहलंच नसन. भेली असंन, म्हणून पडली. भ्यायचंच काम आहे ते.

तूच सांग, अशा जागी पोरीले एकटी कशी सोडू? प्लांटमध्ये आग आहे, पण तिथं मी प्रत्येक बोल्ट ओळखतो. इथं मी काही ओळखत नाही.

धम्मपाल


नागपूर
१५ फेब्रुवारी

चि. धम्मपाल आणि चि. साक्षी,

तुम्हां दोघांची पत्रे मला एकाच दिवशी, एकाच पोस्टमनच्या हातून मिळाली. म्हणून दोघांना मिळून हे एक पत्र. वंदनाने ते मोठ्याने वाचावे. तुम्ही दोघांनी तोंड बंद ठेवून ऐकावे. राजदीपने तुमच्यापैकी कोणी उठून जाऊ लागल्यास त्यास बसवावे.

साक्षी, मी तुला झाकपाक केलेले पत्र नको म्हणून लिहिले होते. तरी तू केलीस. तुझा पाय घसरला नाही. तू बापाचे हात पाहिलेस. आडवे. आणि थांबलीस. लहानपणापासून ज्या घरात त्या हातांवर जेवायला बसायचे आणि त्या हातांवर उठायचे, त्या घरातली पोर लाटेवर असली तरी थांबणारच. तुझ्या भावाने रिकाम्या घाटात ब्रेक मारला, तसेच हे. बापाला वाईट वाटेल म्हणून तू ते पोटात ठेवलेस, आणि बाहेर येऊन हसलीस. तुझा बाप त्या हसण्याने जेवला नाही, हे तुला ठाऊक आहे काय?

धम्मपाल, तिने पाहिले. पोरगी भ्याली नाही. तुझा हुकूम मानला तिने. तुझ्या क्रेनवर कोणी असा सिग्नल दिला असता आणि ऑपरेटर थांबला नसता, तर तू त्याला खाली ओढून थोबाडीत दिली असतीस. मग पडल्याचा दोष तिच्यावर कसा येतो?

आता इथून पुढं मले शुद्ध लिहिता येत नाही.

धम्मा, आपल्या बाबाले गावच्या विहिरीजवळ उभं राहू देत नव्हते. माय दूर घडा ठेवून बसायची, कोणी दया करून ओतलं तर पाणी, नाही तर तशीच परत. मी तिच्या पदराले धरून होती, तुझा तर जन्मही नव्हता झाला. त्या माणसाची नात आज समुद्रावर चालून राहिली, अन् तिच्यासमोर हात आडवे करणारा कोण? आपल्याच घरातला? तुले तिची काळजी आहे, माहीत आहे मले. विहिरीवरच्या लोकायले आपली काळजी नव्हती, तुले आहे, एवढा फरक आहे. पण हात तर तसेच आडवे दिसतात ना बाप्पा दुरून.

प्लांटनं आपल्याले रांगेत उभं केलं, ते मी विसरली नाही. पण बाबानं आपल्याले रांगेत उभं केलं ते पुढं जाण्यासाठी केलं, तिथंच उभं राहण्यासाठी नाही.

तू लोड उचलणारा माणूस. तुले मी काय सांगू कधी सोडायचं ते.

अन् वंदना, खुंट्यावरून पाय काढू नको.

भागीरथा


गोपालपूर
२३ फेब्रुवारी, दुपार

ताई,

पत्र वंदनानं वाचलं. विहिरीचं आलं तेव्हा तिनं कागद राजदीपकडे दिला, मंग पुढचं त्यानं वाचलं, अडकत अडकत, त्याले मराठी वाचता येत नाही धड. मी उठलो नाही. साक्षी खाली पाहून रेतीत बोट फिरवत होती. मी तिले विचारलं, पाहलं होतं तू? ती म्हणे, "हाव बाबा. पण तुम्ही चांगल्यासाठीच केलं होतं." मले ते सहन नाही झालं. मी उठून पाण्यापर्यंत गेलो अन् तिथंच उभा राहिलो, पँट भिजली तरी.

आज टेस्ट होती. सकाळी मी अनुजा मॅडमकडे गेलो. विचारलं, तिले सिग्नल कोण देणार? ती म्हणे, मी, पाण्यातून, शिट्टी वाजवून. मी म्हटलं, ठीक आहे. एका क्रेनले एकच सिग्नलमन पाहिजे, दोन झाले की लोड पडतो, हे मी नवीन पोट्ट्याईले तीस वर्ष शिकवून राहिलो अन् इथं आल्यावर मीच दुसरा सिग्नलमन झालो. आज मी नाही. तिले काय समजलं माहीत नाही, पण तिनं मान हलवली. मी हेल्मेट काढून तिच्या खुर्चीवर ठेवलं.

मंग मी वाळूत बसलो, अन् दोन्ही हात मांडीखाली दाबले. वंदना माझ्या बाजूले बसली. पंधरा दिवसानं पहिल्यांदा.

ताई, खोटं नाही सांगत, पहिली लाट आली अन् माझे हात मांडीखाली उसळून राहिले. मी वजन टाकून बसलो त्याईच्यावर. साक्षी उठली, अर्धी, अन् फळी वाकडी झाली, ती गेली खाली. पाण्यात. दिसेना. वंदनानं माझा दंड धरला, इतका की नखं लागली. मी बसून राहिलो. मॅडम पाण्यात होती, तिनं पाहून घेतलं असतं. तेवढा विश्वास ठेवाले मले माझ्या आयुष्यात एवढं जड कधी गेलं नाही. भट्टीवरून वितळल्या लोखंडानं भरलेला लेडल नेताना नाही गेलं.

डोकं वर आलं. खोकली. फळी ओढून घेतली, अन् काठाकडे एकदाही न पाहता परत मागं गेली, खोल.

दुसरी लाट त्या दिवसासारखीच होती, काळी. तिच्या मागं तिसरी बी उठून राहिली होती, मोठी, मले दिसली. शिट्टी वाजली. पोरगी उठली. गुडघे वाकवून, हात थोडे बाहेर, बळीरामबाबा डोक्यावर टोपलं घेऊन फळीवरून चालत असंन तसाच तोल धरून. लाट फुटली, पांढरी झाली, ती पांढऱ्यातूनही उभीच. आली. आली ताई, घोट्याएवढ्या पाण्यापर्यंत उभी आली. राजदीप ओरडला. कोळी लोक बी ओरडले.

ती फळीवरून उतरली अन् तेव्हा कुठं माझ्याकडे पाहलं. उभीच होती तिथं, पाण्यात. हसली नाही. वाट पाहून राहिली होती.

मी उठलो. हातात मुंग्या आल्या होत्या, रेती चिकटली होती. दोन्ही हात वर केले अन् तळहात उघडे करून तिले दाखवले.

तिनं पाहलं.  मंग फळी उचलली अन् पुन्हा पाण्यात गेली, पळत.

वंदना आता तंबू सोडून राहिली, तिनंच खुंटा उपटला. आम्ही तिघं उद्या निघतो. हेल्मेट मॅडमच्या खुर्चीवरच राहू दिलं, नारळाची झाडं तिथंही आहेत.

तुझा,
धम्मा